दसऱ्याला ओतलेली कुंडी, तुळशीच्या लग्नाला तयार

माझी पहिली सिमेंटची कुंडी ओतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साच्यातून काढताना दोन तुकड्यांत हातात आली. दुसरी धड निघाली. तिच्यात हौसेने अनंत लावला, तर महिन्याभरात त्याची नवी पानं पिवळी पडत गेली. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. शेजारी एक बांधकाम चालू होतं, तिथल्या गवंड्यांना मी पहिल्या कुंडीचे तुकडे दाखवले. त्यांनी एक तुकडा बोटांत चुरला, त्याची रेती झाली. म्हणाले, "ताई, मालात पाणी कमी घाला आणि मालावर भरपूर."

माल म्हणजे सिमेंट, वाळू आणि पाणी कालवून होतो तो. त्यानंतरच्या कुंड्या मी याच एका वाक्यावर केल्या आहेत. तीन पावसाळे झाले, एकीलाही तडा नाही. म्हणून पद्धत सविस्तर लिहिते. कुंडी ओतायला एक सकाळ पुरते. पण ती झाडाला देण्याजोगी व्हायला महिना लागतो, आणि तो महिना कुणी सांगत नाही.

मी दसऱ्याचा मुहूर्त धरते. अश्विन शुद्ध दशमीपासून कार्तिक शुद्ध द्वादशीपर्यंत साधारण ३२ दिवस होतात. ओतणं, साच्यातून काढणं, पाण्यात ठेवणं, सुकवणं असं सगळं त्यात नीट बसतं आणि तुळशीच्या लग्नाला तुळस नव्या कुंडीत जाते. एरवीही चालेल, फक्त एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर हे काम करू नका. पाणी उडून जातं आणि कुंडी कच्ची राहते.

आधी हे समजून घ्या

सिमेंट वाळून घट्ट होतं असं आपण धरून चालतो. तसं नाही. सिमेंटचे कण पाण्याशी रासायनिक क्रिया करतात, त्यातून एकमेकांत गुंतलेले बारीक स्फटिक वाढतात आणि तेच वाळूला धरून ठेवतात. ही क्रिया पहिल्या दिवसात सुरू होते आणि कित्येक आठवडे चालते. म्हणूनच बांधकामात सिमेंटची ताकद २८ दिवसांनी मोजतात. मधेच कुंडी कोरडी पडली तर क्रिया थांबते. उलट, कालवताना पाणी जास्त घातलं तर जे पाणी कामाला आलं नाही ते उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक छिद्रं राहतात. माझ्या पहिल्या कुंडीची रेती झाली ती त्यामुळे.

याच क्रियेत चुना सुटतो. ताज्या सिमेंटमधलं पाणी चांगलंच अल्कधर्मी असतं. त्यामुळे मातीतलं लोह झाडाला मिळेनासं होतं आणि पानं पिवळी पडतात. अनंताचं दुखणं हे होतं.

सामान

सिमेंट: हार्डवेअरच्या दुकानात सुटं मिळतं, पण पोतं केव्हा फोडलं ते विचारा. पोत्यावर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनलं ते छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं घेऊ नका. मुठीत घेतल्यावर गुठळी लागली आणि ती बोटाने सहज फुटली नाही, तर ते सिमेंट गेलं. ओपीसी (साधं पोर्टलँड सिमेंट) आणि पीपीसी (कोळशाची बारीक राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश, मिसळलेलं) असे दोन प्रकार सहज मिळतात. कुंडीसाठी मला पीपीसी आवडतं. त्यातली फ्लाय अ‍ॅश सुटलेला चुना बराचसा वापरून टाकते, त्यामुळे बाहेरून पांढरा लोणा कमी येतो. ते सावकाश पक्कं होतं, तेव्हा पाण्याचे दिवस कमी करून चालत नाही. पांढरं सिमेंट महाग आहे, ते वरच्या हातासाठी ठीक. वॉल पुट्टी म्हणजे सिमेंट नव्हे, तिची कुंडी होत नाही.

वाळू: नदीची असो की क्रश सँड (दगड भरडून केलेली), चाळून घ्या. पातळ भिंतीच्या कुंडीत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा मोठा खडा नको. मातकट आहे का ते बघायला काचेच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत वाळू घाला, पाणी भरून जोरात हलवा आणि तीन तास ठेवून द्या. वाळूवर गाळाचा थर बसेल. वाळू १५ सेंटिमीटर असेल आणि गाळ एक सेंटिमीटरच्या वर गेला, तर वाळू धुऊन घ्या. कोकणातल्या वाचकांना खास सांगते, समुद्राची किंवा खाडीची वाळू नको. तिच्यातल्या मिठाने आतली तार गंजते आणि कुंडीला कायमचा पांढरा डाग राहतो.

बाकी घमेलं, थापी, एक लाकडी काठी, रबरी हातमोजे, मास्क, स्वयंपाकाचं वापरलेलं तेल, गोणपाट, आणि २० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे.

हातमोज्यांबद्दल थांबून लिहिते. ओल्या सिमेंटचा हाताला त्या वेळी काहीच त्रास होत नाही. रात्री बोटांची कातडी ओढल्यासारखी होते आणि दुसऱ्या दिवशी भेगा पडतात, जखमाही होतात. मोजे घालाच. कोरडं सिमेंट आणि वाळू एकत्र करताना धूळ उडते, तेव्हा मास्क हवा आणि मुलं जवळ नकोत. डोळ्यात उडालं तर चोळू नका. पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा.

साचा

एकात एक बसणारी प्लास्टिकची दोन भांडी: टब, रंगाच्या रिकाम्या बादल्या, काहीही. दोन्हींच्या मधे चहूबाजूंनी एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे. त्याहून पातळ भिंत पहिल्याच प्रयत्नात करू नका. तोंडाकडे रुंद आणि तळाशी अरुंद असंच भांडं घ्या. सरळसोट बादलीतून कुंडी निघत नाही आणि तोंडाकडे निमुळतं असेल तर साचा फोडावाच लागतो. भांड्यावर कडी, नक्षी किंवा खाच असेल तर माल तिथे अडकतो.

बाहेरच्या भांड्याला आतून आणि आतल्या भांड्याला बाहेरून तेलाचं बोट फिरवा. तेल ओघळेल इतकं नको. तेल साचलं तिथे कुंडीला खड्डे पडतात.

पाण्याच्या भोकांसाठी पाइपचे तीन सेंटिमीटर उंचीचे तीन तुकडे कापून मोठ्या भांड्याच्या तळाला चिकटपट्टीने उभे करा आणि आत ओला कागद ठासा. आतलं भांडं याच तुकड्यांवर टेकतं, त्यामुळे तळ आपोआप तीन सेंटिमीटर जाड होतो आणि भोकंही पडतात. तुकडे नंतर काढायची गरज नाही.

माल किती लागेल

दोन्ही भांडी एकात एक ठेवा, आतल्यात विटा घालून ते दाबून धरा आणि मधल्या जागेत मापाने पाणी ओता. जितके लिटर पाणी मावलं तितके लिटर माल लागणार. मग भांडी कोरडी पुसा आणि तेल पुन्हा लावा.

दहा इंच तोंडाच्या आणि साधारण २२ सेंटिमीटर उंचीच्या कुंडीला साडेचार ते पावणेपाच लिटर माल लागतो. प्रमाण एकास तीन. लिटरच्या मापाने दीड माप सिमेंट आणि साडेचार माप वाळू. दोन्ही मिळून सहा लिटर होतात, मग माल पावणेपाच लिटरच कसा? सिमेंट वाळूच्या दाण्यांमधल्या पोकळीत शिरतं म्हणून. दीड लिटर सिमेंट म्हणजे सव्वादोन किलोच्या आत. ५० किलोच्या पोत्यात अशा बावीस-तेवीस कुंड्या होतात. चार मैत्रिणींनी मिळून पोतं आणलं तर सिमेंट शिळं व्हायच्या आत संपतं.

माल कालवणं

आधी कोरडंच मिसळा. थापीने खालवर करत राहा, कुठेही करड्या रंगाचा वेगळा पट्टा दिसता कामा नये. मग मधे आळं करा. या मापाला साधारण एक लिटर पाणी लागतं, पण सगळं एकदम ओतू नका. पाऊण लिटर घाला, कालवा, मग उरलेलं थोडंथोडं. वाळू आधीच ओली असेल तर त्याहूनही कमी पुरतं, आणि सव्वा लिटरच्या वर कधीच जाऊ नका.

अंदाज असा घ्यायचा: मोज्याच्या हातात माल घेऊन मूठ आवळा. लाडू वळला पाहिजे, बोटांमधून पाणी गळता कामा नये. मूठ उघडून हात हलवला की लाडवाच्या अंगावर ओलसर चमक येते. ती चमक आली की पाणी बंद. ही चमक एकदा नजरेत बसली की पुढे मापाची गरज पडत नाही. नवशिक्याला हा माल फार कोरडा वाटतो आणि तो आणखी एक तांब्या घालतो. तो तांब्या घालू नका.

कालवलेला माल अर्ध्या तासात साच्यात गेला पाहिजे. नंतर आवळला म्हणून पुन्हा पाणी घालून सैल केला तर दिसायला नीट दिसतो, पण नुकतेच धरू लागलेले जोड मोडलेले असतात.

ओतणं

तळात पाइपच्या तुकड्यांच्या उंचीपर्यंत माल घाला आणि काठीने ठासा, कडेला जास्त. आतलं भांडं तुकड्यांवर मधोमध ठेवा आणि लगेच त्यात ओली वाळू भरा, वर एक वीट ठेवा. ही पायरी चुकवू नका. माल पाण्याच्या दुपटीहून जड असतो; सहा लिटरचं रिकामं भांडं तो सहज वर उचलतो, आणि मग एका बाजूची भिंत जाड, दुसरी पातळ. वाळू भरलेली असली की मालाच्या दाबाने भांड्याच्या भिंती आत दबतही नाहीत.

मधल्या जागेत तीन-तीन बोटांचे थर द्या. प्रत्येक थर काठीने सगळीकडून टोचून ठासा आणि बाहेरून लाकडाने टकटक मारा. हवेचे बुडबुडे वर येताना दिसतात. ते यायचे थांबले की पुढचा थर. काठापासून दोन सेंटिमीटर खाली आलात की जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारेचं एक कडं घाला, साच्याला कुठे टेकू देऊ नका. कुंडी नेहमी काठालाच फुटते, कारण उचलताना आपण तिला काठालाच धरतो. त्या एका कड्याने माझ्या कुंड्यांचे काठ शाबूत राहिले आहेत. वरचा काठ थापीने सपाट करा, साचा प्लास्टिकने झाका आणि सावलीत ठेवा.

घमेलं आणि थापी बेसिनमध्ये धुऊ नका. सिमेंट पाइपात जाऊन तिथेच दगड होतं. बादलीत धुवा, रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी मोकळ्या जागी आणि खालचा गाळ कचऱ्यात.

साच्यातून काढणं

दुसऱ्या दिवशी, २४ तासांनी, फक्त आतलं भांडं काढायचं. वाळू उपसून घ्या, प्लास्टिक आतल्या बाजूला दाबा, ते सुटतं. हलत नसेल तर भांड्यात गरम पाणी ओता आणि दोन मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा. बाहेरचा साचा आणखी एक दिवस राहू द्या, थंडी असेल तर दोन. या काळात आतून पाणी शिंपडत राहा.

४८ तासांनी घडी घातलेल्या गोणपाटावर साचा पालथा करा आणि तळावर हाताने थोपटा. कुंडी सुटल्याचा आवाज येतो, पोकळ, ढप्प असा. उपटायला जाऊ नका. सुटली नाही तर अजून अर्धा दिवस द्या. माझी पहिली कुंडी याच पायरीला गेली.

आता ती बाहेरून घट्ट दिसते, पण नखाने ओरखडा उठतो. हीच वेळ डागडुजीची. पाण्यात कालवलेलं नुसतं सिमेंट छिद्रांत बोटाने भरा, काठाची धार ओल्या दगडाने घासून गोल करा. चार दिवसांनी हेच करायला गेलात तर तिप्पट मेहनत पडते.

पाण्यातले दिवस

कुंडी जाईल एवढा टब असेल तर तिसऱ्या दिवसापासून तिला पाण्यात बुडवूनच ठेवा. नसेल तर ओल्या गोणपाटात गुंडाळा, वरून प्लास्टिक बांधा आणि गोणपाट सुकू देऊ नका. असे किमान दहा दिवस, पीपीसीला चौदा. बाजारातल्या स्वस्त कुंड्या दुसऱ्या पावसाळ्यात काठाशी झडू लागतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच वाचवलेले दिवस असतात असं मला वाटतं.

बुडवून ठेवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे चुनाही निघत जातो. दुसऱ्या दिवशी टबात वाकून बघा. पाण्यावर दुधाच्या सायीसारखा पातळ पापुद्रा धरलेला असतो. बोट लावलं की तो सायीसारखा सुरकुतत नाही, काचेसारखा तडकतो. कुंडीतून आलेला चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून तिथे जमलेला असतो. दर दोन दिवसांनी पाणी बदला. ते पाणी झाडांना घालू नका.

किती दिवस बदलायचं? यासाठी घरातली हळदच पुरते. हळद आणि चुन्याचं कुंकू होतं हे आपल्याला ठाऊक आहे. तोच धर्म इथे वापरायचा. कुंडीची भोकं बुचाने बंद करून ती स्वच्छ पाण्याने भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी त्यातलं वाटीभर पाणी पांढऱ्या बशीत घेऊन चिमूटभर हळद टाका. शेजारी साध्या पाण्याची तशीच बशी ठेवा, म्हणजे फरक कळतो. पहिल्या आठवड्यात कुंडीचं पाणी तांबडं लाल होतं. मग तपकिरी, मग नारिंगी. दोन्ही बशा सारख्याच पिवळ्या दिसल्या की कुंडी झाडाला द्यायला हरकत नाही. मला साधारण तीन आठवडे लागतात. व्हिनेगरने काम लवकर होतं असं सांगतात, पण त्याने सिमेंटचा वरचा थर खाल्ला जातो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. मी ते फक्त बाहेरचे पांढरे डाग पुसायला वापरते.

रंग

रंग हवा असेल तर तो मालातच घाला. जुन्या घरांतल्या लाल कोब्याला जो रेड ऑक्साइड वापरत, तोच. सिमेंटच्या वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत, म्हणजे आपल्या मापाला १०० ग्रॅम, आणि तो कोरड्या सिमेंटमध्ये आधी मिसळायचा. हा रंग पोपडे धरत नाही. वरून रंग द्यायचाच असेल तर कुंडी पूर्ण सुकल्यावर प्रायमर आणि बाहेरच्या भिंतीचा इमल्शन द्या. तरी झाडाला घातलेलं पाणी आतून झिरपत राहतं आणि वर्ष-दोन वर्षांत फोड येतात. नुसता गेरू पहिल्या पावसात उतरतो, पण दिवाळीला पुन्हा लावायची मजा असते, म्हणून तुळशीच्या कुंडीला मी गेरूच लावते.

मोठ्या आणि हलक्या कुंड्या

आपली दहा इंची कुंडी रिकामीच दहा किलो भरते. बारा इंचांच्या पुढे भिंत तीन सेंटिमीटर करा आणि बरोबर मधोमध चिकन मेश (बारीक तारेची जाळी) घाला. दोन्ही बाजूंनी निदान एक सेंटिमीटर माल हवा, नाहीतर जाळी गंजून भिंत फुगते. बारा इंची कुंडी १८ किलोपर्यंत जाते, ओल्या मातीसकट तीस-पस्तीस. ती कठड्यावर किंवा खिडकीच्या छज्ज्यावर ठेवू नका. जमिनीवर, तीही भिंतीलगत.

वजन कमी करायला निम्म्या वाळूच्या जागी परलाइट (ज्वालामुखीच्या दगडाचे फुलवलेले हलके दाणे) घालता येतं. कोकोपीटही चालतं, पण ते दोन-तीनदा धुऊन घ्यावं लागतं. त्यातल्या द्रव्यांनी सिमेंट उशिरा धरतं, म्हणून साच्यात चार दिवस ठेवा. सिमेंटच्या पाण्यात टॉवेल बुडवून पालथ्या बादलीवर वाळवतात त्या कुंड्या दिसायला सुंदर होतात. मी दोन केल्या. पायरीवर शोभेला छान, पण आत मूळ वाढणारं झाड लावायला मी त्या वापरणार नाही.

झाड लावताना

पाण्यातून काढलेली कुंडी आठवडाभर सावलीत सुकू द्या. खाली फरशीचे तीन तुकडे ठेवा, नाहीतर सपाट तळ जमिनीला चिकटून भोकं बंद होतात. भोकांवर नायलॉन जाळीचा तुकडा घाला. तुळस, जास्वंद, कोरफड, जेड, कढीपत्ता यांचं या कुंडीत चांगलं चालतं. अनंत आणि एक्झोरा मातीच्याच कुंडीत ठेवा. हळद पिवळी राहिली तरी सिमेंट वर्षानुवर्षं थोडाथोडा चुना सोडत राहतं आणि या दोघांना तेवढाही सोसत नाही. उन्हाळ्यात सिमेंटची भिंत तापून कडेची मुळं भाजतात, तेव्हा कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवा आणि पश्चिमेकडच्या बाजूला एक गोणपाट बांधा. कुंडी ओली ठेवायला वापरलेलं तेच चालेल.